फितीवरून तबकडीवर

जुन्या हस्तलिखित पोथीच्या अखेरीस नकलकार बहुधा एक विनंती लिहून ठेवीत असे. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून माझे रक्षण करा, आणि मूर्खाच्या हाती मला देऊ नका, असे ती पोथीच वाचकाला सांगते आहे अशी कल्पना त्या विनंतीत असे. ही विनंती करणाऱ्याला आपल्या कामाचे मर्म पुरते ठाऊक होते. कागद कसर खाते, शाई उडते, बांधणी सुटते. तरीही मठांतून आणि घरांतून शेकडो वर्षांपूर्वीचे ग्रंथ आपल्यापर्यंत आले. जुनी प्रत जीर्ण झाली की कोणीतरी चिकाटीने बसून नवी प्रत उतरवून काढीत असे, हेच त्याचे कारण.

अक्षरांना लाभलेले हे भाग्य माणसाच्या आवाजाला मात्र फार उशिरा लाभले. गायनाचार्य भास्करबुवा बखले 1922 साली निवर्तले. त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव ह्या शिष्यांच्या गळ्यांतून त्या गाण्याचा जो काही अंश उरला, तेवढाच पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आला. एवढ्या थोर गवयाची ही स्थिती, तर घराघरांतल्या आजीच्या ओव्या आणि आजोबांच्या हाका कोठे विरून गेल्या ह्याचा हिशेब कोणी ठेवायचा?

थॉमस एडिसनने 1877 साली फोनोग्राफ सिद्ध केला, तेव्हा हा प्रश्न त्याच्या मनात आलेला दिसतो. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या एका लेखात त्याने ह्या यंत्राचे संभाव्य उपयोग मांडले. कुटुंबातील माणसांची बोलणी, त्यांच्या आठवणी आणि मरणासन्न माणसाचे अखेरचे शब्द त्यांच्याच आवाजात जतन करणे, हा त्यांपैकी एक होता. म्हणजे घरगुती संग्रहाची कल्पना ह्या विद्येच्या जन्माइतकीच जुनी आहे. परंतु बाजारात सरशी झाली ती ग्रामोफोनच्या सपाट तबकडीची, आणि त्या यंत्रावर दुसऱ्याचे गाणे ऐकता येई, स्वतःचा शब्द उमटविता येत नसे. घर श्रोता झाले, वक्ता होऊ शकले नाही.

ही उणीव चुंबकाने भरून काढली. डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सेनने 1898 साली पोलादी तारेवर आवाज साठविण्याची युक्ती शोधली. 1928 साली जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमरने तारेच्या जागी लोहचूर्णाचा लेप दिलेली कागदी फीत आणली, आणि 1935 साली बर्लिनच्या प्रदर्शनात फितीवर चालणारे मॅग्नेटोफोन हे यंत्र लोकांपुढे आले. फिलिप्स कंपनीने 1963 साली फीत एका लहानशा डबीत बंद केली. ही कॅसेट खिशात मावे, आणि कळ दाबण्यापलीकडे तिला विशेष कौशल्य लागत नसे. चित्राच्या बाबतीत हाच प्रवास थोडा उशिरा झाला. 1956 साली अमेरिकेत अ‍ॅम्पेक्स कंपनीने चित्रफितीचे यंत्र आणले. ते दूरचित्रवाणी केंद्रांनाच परवडणारे होते. 1975 साली सोनीची बीटामॅक्स आणि 1976 साली जेव्हीसीची व्हीएचएस ही फीत आली, तेव्हा चित्रमुद्रण दिवाणखान्यात पोचले. 1983 पासून कॅमेरा आणि मुद्रणयंत्र एकाच पेटीत मिळू लागले.

भारतात 1982 साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली, आणि त्याच सुमारास व्हीसीआर हा शब्द मध्यमवर्गाच्या तोंडी रुळला. मग लग्न, मुंज, बारसे, साठीशांत ह्या समारंभांत भटजींच्या बरोबरीने चित्रण करणाऱ्याची वर्दी जाऊ लागली. एका हाती कॅमेरा सांभाळणारा तो गृहस्थ, मागे प्रखर दिवा धरून उभा असलेला त्याचा मदतनीस आणि त्या उजेडाने डोळे मिचकावणारी वऱ्हाडी मंडळी हे दृश्य त्या काळच्या मंगल कार्यालयांतून नित्याचे झाले. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरेही ह्याला अपवाद नव्हती. परदेशी गेलेल्या मुलांकडून पत्राऐवजी फिती येऊ लागल्या. त्यांतही एक मेख असे. अमेरिकेतील चित्राची पद्धत 525 ओळींची आणि भारतातील 625 ओळींची. त्यामुळे नातवंडाच्या पहिल्या वाढदिवसाची फीत हौसेने लावावी आणि पडद्यावर नुसत्या हलत्या रेघा दिसाव्यात, असा प्रसंग पुष्कळ आजीआजोबांवर आला.

परंतु ह्या फितींचे आयुष्य माणसांच्या अपेक्षेपेक्षा कमी निघाले. फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर चिकटद्रव्याने बसविलेले चुंबकीय कण. दमट हवेत ते चिकटद्रव्य पाणी शोषून घेते आणि कण सुटू लागतात. मुंबई-कोकणासारख्या हवेत तिच्यावर पांढरी बुरशी धरते. प्रत्येक वेळी फीत लावली की यंत्रातील वेगाने फिरणारे मुद्रणशीर्ष तिला घासून जाते आणि चित्राचा थोडा अंश झिजतो. म्हणजे जी फीत सर्वांत आवडीची, तीच सर्वांत लवकर विटते. शिवाय फितीवरून फीत उतरविली तर प्रत्येक नकलेत चित्र अधिक धूसर होते. पोथीचा नकलकार डोळ्यांत तेल घालून बसला तर मूळ शब्द जसेच्या तसे उतरवू शकत असे. फितीच्या नकलकाराला ती सोय नव्हती.

ह्या टप्प्यावर अंकीय तबकडीने प्रवेश केला. डीव्हीडी 1996 च्या नोव्हेंबरात जपानमध्ये विक्रीस आली. पण घरी तिच्यावर मुद्रण करणारे यंत्र पायोनियर कंपनीने 1999 च्या अखेरीस आणले, आणि पुढच्या काही वर्षांत इतर कंपन्यांनीही तशी यंत्रे काढली. 12 सेंटिमीटर व्यासाची आणि 1.2 मिलिमीटर जाडीची ही तबकडी दोन पातळ पत्रे एकमेकांस चिकटवून केलेली असते. एकदाच लिहावयाच्या तबकडीत त्या दोहोंमध्ये रंगद्रव्याचा थर असतो. लेसरचा तांबडा किरण त्या थरावर खुणा उमटवितो, आणि त्या खुणांच्या मळसूत्री ओळीत 4.7 अब्ज अक्षरांकांचा मजकूर मावतो. उत्तम प्रतीचे चित्र हवे असेल तर एक तास, मध्यम प्रतीचे हवे असेल तर दोन तास, असा तिचा साधारण हिशेब असे. वाचताना किरणाखेरीज काहीही तिला स्पर्श करीत नाही, त्यामुळे पाहण्याने ती झिजत नाही. आणि अंकांची नकल करावयाची तर दहावी प्रतही पहिलीसारखीच उतरते.

काम वरकरणी सोपे होते. जुन्या व्हीसीआरची तार नव्या यंत्राला जोडावी, एकीकडे फीत चालू करावी, दुसरीकडे तबकडीवर मुद्रण सुरू करावे. पण ह्या कामाला आडवाट नव्हती. तीन तासांची फीत उतरवून घेण्यास तीनच तास लागत. मुद्रण संपल्यावर तबकडी ‘पूर्ण’ करण्याची आणखी एक क्रिया असे. ती राहिली तर ती तबकडी दुसऱ्या यंत्रावर बहुधा चालत नसे. बाजारात तबकड्यांचेही उणे, अधिक आणि रॅम असे पंथ होते, आणि एका पंथाची तबकडी दुसऱ्या पंथाच्या यंत्राला रुचेलच असा भरवसा नसे.

ह्या सक्तीच्या तीन तासांचा एक लाभ मात्र झाला. फीत चालू असेपर्यंत घरची वडीलधारी माणसे पडद्यासमोर बसत. पंगतीत वाढणारी ती कोण, मांडवाच्या दाराशी उभे असलेले ते कोणाचे मामा, असे प्रश्न निघत आणि उत्तरे मिळत. ज्या घरांत ती उत्तरे तेव्हाच वहीत उतरविली गेली, तेथे चित्राबरोबर नावेही राहिली. इतरत्र तबकड्या राहिल्या आणि चेहरे अनोळखी झाले.

तबकडी म्हणजे अखेरचा मुक्काम, असे तेव्हा पुष्कळांस वाटले. पण ह्या समजुतीचे उत्तर इतिहासाने आधीच देऊन ठेवले होते. इंग्लंडमध्ये 1086 साली राजाज्ञेने जमिनींची आणि गावांची मोठी नोंद झाली. ते डूम्सडे बुक आजही वाचता येते. त्याच्या 900 वर्षांच्या निमित्ताने बीबीसीने 1986 साली दहा लाखांहून अधिक लोकांच्या साह्याने देशाचे नवे चित्र लेसरच्या तबकड्यांवर साठविले. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली, आणि 2002 साली संशोधकांना ती माहिती खटपटीने सोडवून घ्यावी लागली. नऊशे वर्षांचे चर्मपत्र टिकले आणि सोळा वर्षांची तबकडी अडली. त्या तबकडीवरील मजकूर शाबूत होता, तो वाचणारे यंत्र मात्र नाहीसे झाले होते.

घरगुती तबकड्यांचे पुढे तेच झाले. रंगद्रव्य उन्हाने आणि उष्णतेने बिघडते. त्याहून मोठी अडचण म्हणजे संगणकांतून तबकडीचा कप्पाच नाहीसा होत गेला. व्हीसीआर बनविणारी फुनाई ही अखेरची मोठी कंपनी 2016 साली त्या कामातून बाहेर पडली. 2019 साली युनेस्कोने इशारा दिला की, जगभरच्या चुंबकीय फिती 2025 पर्यंत अंकीय रूपात उतरविल्या गेल्या नाहीत तर त्या बहुतांशी गमावल्यासारख्याच होतील.

पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तरी 1931 चा ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट देशाला वाचविता आला नाही. लक्षावधी लोकांनी पाहिलेल्या कृतीची ही गत, तर कपाटातल्या मुंजीच्या फितीसाठी सरकारी संग्रहालय धावून येईल ही आशा व्यर्थ आहे. तेथे राखणदार एकच, आणि तो म्हणजे घरातले माणूस.

त्या राखणदाराचे काम नकलकाराचेच आहे. मूळ फीत फेकू नये, प्रत एकाच ठिकाणी ठेवू नये, दर काही वर्षांनी ती चालते की नाही हे पाहून त्या काळच्या नव्या साधनावर उतरवावी, आणि चित्रातल्या माणसांची नावे कागदावर लिहून ठेवावीत. पोथीने तेल, पाणी आणि सैल बांधणी ह्यांची धास्ती घेतली होती. तबकडीला ऊन, ओरखडे आणि यंत्रांचे अल्पायुष्य ह्यांची घ्यावी लागते. वस्तू बदलली, तिची विनंती तीच आहे. आजीचा आवाज ज्या घरात अजून ऐकू येतो, तेथे ती विनंती कोणीतरी वेळेवर ऐकली होती.