जुन्या मालमोटारीतील संपूर्ण विद्युत बिघाड

जुन्या मालमोटारीतील संपूर्ण विद्युत बिघाड म्हणजे जुन्या बनावटीच्या ट्रकमधील दिवे, भोंगा, समोरच्या फलकावरील मापके आणि स्टार्टर ही सर्व विद्युत उपकरणे एकाच वेळी बंद पडण्याची स्थिती होय. एखादाच दिवा बंद पडल्यास दोष त्या दिव्याच्या शाखेत असतो. सर्वच उपकरणे एकदम बंद पडल्यास मात्र दोष बहुधा त्या सर्वांच्या समाईक मार्गात असतो. बॅटरी, तिची टर्मिनले, अर्थिंगची पट्टी, मुख्य तार, अ‍ॅमीटर, मुख्य फ्यूज आणि चावीचा स्विच एवढ्या मोजक्या भागांचा हा मार्ग बनलेला असतो. त्यामुळे एकेक सुटा भाग बदलून पाहण्यापेक्षा क्रमवार तपासणी केल्यास दोष लवकर व कमी खर्चात सापडतो.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्योत्तर काळात भारतातील रस्ते-मालवाहतूक प्रामुख्याने दोन उत्पादकांच्या ट्रकांवर उभी राहिली. टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनीने (टेल्को) १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी सहकार्य करार करून टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रकांचे उत्पादन सुरू केले. हे सहकार्य १९६९ मध्ये संपल्यावर ट्रकांवर टाटांचे स्वतःचे बोधचिन्ह आले. १९४८ मध्ये स्थापन झालेली अशोक मोटर्स ही कंपनी १९५५ मध्ये ब्रिटनच्या लेलँड मोटर्सच्या सहभागानंतर अशोक लेलँड झाली. या काळातील ट्रकांची विद्युत व्यवस्था साधी असते. तिच्यात संगणकीय नियंत्रक नसतो आणि डिझेल इंजिनातील इंधनपंप यांत्रिक असतो. म्हणून साधा टेस्टिंग बल्ब व मल्टिमीटर यांच्या साहाय्याने तिचे संपूर्ण निदान करता येते.

विद्युत व्यवस्थेची रचना

जुन्या ट्रकमध्ये १२ व्होल्टची किंवा २४ व्होल्टची व्यवस्था आढळते. २४ व्होल्टच्या व्यवस्थेत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडलेल्या असतात. कोणतेही मापन करण्यापूर्वी किंवा दुसऱ्या वाहनाची बॅटरी जोडण्यापूर्वी ही बाब निश्चित करणे आवश्यक असते. बहुतेक ट्रकांत बॅटरीचे ऋण अग्र सांगाड्याला जोडलेले असते. काही जुन्या ब्रिटिश बनावटीच्या वाहनांत मात्र धन अग्र सांगाड्याला जोडलेले आढळते.

बॅटरीपासून निघणारी जाड केबल सामान्यतः कोणत्याही फ्यूजशिवाय थेट स्टार्टरच्या सोलेनॉइडपर्यंत जाते. त्याच बोल्टवरून निघालेली दुसरी मुख्य तार अ‍ॅमीटरमधून फ्यूजपेटीकडे व चावीच्या स्विचकडे जाते. विद्युतप्रवाह परत येण्याचा मार्ग सांगाड्यातून असतो. इंजिन रबरी बैठकांवर बसवलेले असल्यामुळे इंजिन व सांगाडा यांना जोडणारी तांब्याची विणलेली लवचिक पट्टी स्वतंत्रपणे लावलेली असते. निदानाच्या दृष्टीने स्टार्टरवरील हा बोल्ट म्हणजे व्यवस्थेचा मुख्य फाटा होय.

लक्षणे व त्यांचा अर्थ

* दिवे, भोंगा व स्टार्टर सर्व बंद: दोष बॅटरी, तिची टर्मिनले, जाड केबल किंवा अर्थिंग यांत असण्याची शक्यता अधिक.
* स्टार्टरला स्वतंत्र तारेने संकेत दिल्यास तो जोरात फिरतो, पण बाकी सर्व बंद: बॅटरी, जाड केबल व अर्थिंग ठीक, दोष फाट्यापुढील मुख्य तार, अ‍ॅमीटर किंवा मुख्य फ्यूज यांत.
* दिवे लागतात, पण चावी फिरवताच सर्व विझते: बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनलचा जोड सैल अथवा गंजलेला.
* दिवे व भोंगा चालू, पण मापके व स्टार्टर बंद: दोष चावीच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या जोडणीत. अनेक ट्रकांत पुढचे दिवे चावीच्या स्विचमधून जात नाहीत, त्यामुळे हा फरक उपयोगी पडतो.
* हादऱ्यासरशी वीज जाते व येते: सैल जोड किंवा आतून तुटलेली तार.
* दिवे आधी अतिशय प्रखर होऊन मग अनेक बल्ब एकदम उडतात: इंजिन चालू असताना बॅटरीचा जोड सुटलेला किंवा रेग्युलेटर बिघडलेला.

निदानाची पद्धत

पूर्वतयारी. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावावी व हातब्रेक ओढावा. अंगठी, कडे वा घड्याळ हातात ठेवू नये. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडत असल्याने तिच्याजवळ काडी वा विडी पेटवू नये. बॅटरी सोडवताना सांगाड्याला जोडलेली केबल प्रथम काढावी आणि बसवताना ती शेवटी लावावी. असे केल्यास पाना सांगाड्याला लागला तरी ठिणगी उडत नाही.

बॅटरी. काही तास विश्रांती मिळालेली पूर्ण भारित १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट विद्युतदाब दाखवते. १२ व्होल्टच्या आसपासचे मापन बॅटरी बरीच उतरल्याचे दर्शवते. केवळ या मापनावर विसंबू नये. स्टार्टर फिरवताना १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब साधारणतः ९.६ व्होल्टच्या खाली गेल्यास बॅटरी उतरलेली वा निकामी आहे, किंवा स्टार्टर अवाजवी प्रवाह ओढत आहे, असे समजावे. २४ व्होल्टच्या व्यवस्थेत दोन्ही बॅटऱ्या स्वतंत्रपणे मोजाव्यात. एका बॅटरीतील एकच घट निकामी झाल्यास किंवा दोन बॅटऱ्यांमधील जोडकेबल सैल झाल्यास संपूर्ण व्यवस्था बंद पडते. घटांतील आम्लाची घनता हायड्रोमीटरने तपासली असता एखाद्या घटाचे मापन इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळल्यास तो घट सदोष असतो.

टर्मिनले व केबल. संपूर्ण बिघाडाचे कारण अनेकदा येथेच असते. टर्मिनल वरून घट्ट दिसत असूनही खांब व क्लॅम्प यांच्यामध्ये सल्फेटचा थर असू शकतो. अशा जोडाचा रोध ०.०२ ओहम असल्यास भोंग्याच्या संकेतासारख्या अर्ध्या अँपिअर प्रवाहाला केवळ ०.०१ व्होल्टची घट होते आणि मापनात काहीच दिसत नाही. स्टार्टरने २०० अँपिअर प्रवाह मागताच त्याच जोडावर ४ व्होल्ट खर्ची पडतात आणि ८०० वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून प्रवाह वाहत असताना जोडाच्या दोन्ही बाजूंमधील दाब मोजणे हीच खरी चाचणी ठरते. मल्टिमीटरची एक सळई बॅटरीच्या खांबावर व दुसरी क्लॅम्पवर ठेवून सहकाऱ्याला चावी फिरवण्यास सांगावे. तेथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाब आढळल्यास जोड काढून कोमट पाणी व खाण्याच्या सोड्याने धुवावा, घासून चकचकीत करावा व घट्ट बसवून त्यावर व्हॅसलीन लावावे.

अर्थिंग. बॅटरीच्या ऋण खांबापासून इंजिनाच्या धातूपर्यंतचा दाब याच प्रकारे मोजावा. तो अधिक असल्यास अर्थिंगची पट्टी, तिचा बोल्ट व बोल्टखालचा गंज वा रंग पाहावा. ही पट्टी तुटल्यास परतीचा प्रवाह क्लचच्या वा अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो. ती तार तापणे हे या दोषाचे ठळक चिन्ह होय. जाड जंपर केबलने बॅटरीचा ऋण खांब व इंजिन तात्पुरते जोडल्यावर सर्व काही सुरू झाल्यास दोष निश्चित होतो.

मुख्य तार, अ‍ॅमीटर व फ्यूज. येथे टेस्टिंग बल्ब मल्टिमीटरपेक्षा अधिक विश्वसनीय ठरतो. मल्टिमीटर अत्यल्प प्रवाह घेतो, त्यामुळे तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी तो पूर्ण दाब दाखवतो. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे १.७५ अँपिअर प्रवाह मागतो व अशा तारेचे पितळ उघडे पाडतो. बल्बचे एक टोक अर्थिंगला जोडून दुसरे टोक प्रथम स्टार्टरच्या बोल्टवर, मग अ‍ॅमीटरच्या दोन्ही बाजूंवर व शेवटी फ्यूजपेटीवर टेकवावे. ज्या दोन बिंदूंदरम्यान बल्ब विझतो तेथे दोष असतो. जुन्या ट्रकमध्ये स्टार्टरखेरीज जवळपास सर्व प्रवाह अ‍ॅमीटरमधून जात असल्याने त्याच्या मागचा एक सैल नटही संपूर्ण वीज घालवतो.

शॉर्ट सर्किटचा शोध. नवा फ्यूज लावताच पुन्हा उडत असल्यास फ्यूजच्या जागी बल्ब जोडावा. शॉर्ट असल्यास बल्ब पूर्ण तेजाने पेटतो. मग एकेक शाखा सोडवत जावे. ज्या शाखेला सोडवताच बल्ब विझतो किंवा मंद होतो, त्या शाखेत शॉर्ट असतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची प्रथा धोकादायक आहे. तसे केल्यास फ्यूजऐवजी वायरिंग जळते आणि मालासह गाडी पेटू शकते.

प्रभारण व्यवस्था

बॅटरी वारंवार उतरत असल्यास दोष डायनॅमो वा अल्टरनेटर यांकडे शोधावा. इंजिन मध्यम वेगात असताना बॅटरीवर साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्ट, तर २४ व्होल्टच्या व्यवस्थेत २७.६ ते २८.८ व्होल्ट दाब अपेक्षित असतो. डायनॅमो असलेल्या गाडीत कटआऊटचे संपर्क चिकटून राहिल्यास बंद गाडीतील बॅटरी डायनॅमोतूनच उतरते. अल्टरनेटर चालतो की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढू नये, कारण दाबाच्या उसळीने अल्टरनेटरचे डायोड निकामी होतात.

परभणी जिल्ह्यातील परिस्थिती

परभणी जिल्ह्यात कापूस, सोयाबीन व ऊस यांची वाहतूक मोठ्या प्रमाणावर ट्रकने होते. कल्याण–निर्मल राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ हा जिल्ह्यातील पाथरी, मानवत व परभणी या शहरांतून जातो. येथील हवामान बॅटरीच्या दृष्टीने दोन्ही टोकांचे आहे. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तेव्हा बॅटरीतील पाणी लवकर आटते व पट्टिका झिजतात. हिवाळ्यात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परिसरात काही वर्षी ५ अंशांखाली तापमान नोंदवले गेले आहे. अशा थंडीत बॅटरीची क्षमता घटते व घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवण्यास अधिक प्रवाह लागतो. उन्हाळ्यात कमकुवत झालेली बॅटरी म्हणूनच अनेकदा ऐन गळीत हंगामातील पहाटे दगा देते. कारखान्याच्या रांगेत रात्रभर थांबलेल्या गाडीत दिवे वा टेप चालू राहिल्यास हा धोका वाढतो. पावसाळ्यात चिकट काळी माती सांगाड्याला लागून ओल धरून ठेवते व अर्थिंगचे जोड गंजतात.

रस्त्यावरील सुरक्षितता

यांत्रिक इंधनपंपाच्या इंजिनाला चालू राहण्यासाठी विजेची गरज नसते. त्यामुळे रात्री धावताना वीज गेल्यास इंजिन सुरू राहते, परंतु गाडीचे दिवे, ब्रेकचे दिवे व दिशादर्शक एकाच क्षणी विझतात. अशा गाडीने तसेच पुढे जाणे किंवा ती रस्त्यावर अंधारात उभी करणे हे बिघाडापेक्षा अधिक घातक ठरते. बाहेर लोंबणाऱ्या उसाच्या मोळ्यांमुळे मागचे परावर्तक झाकले गेल्यास मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला उभा ट्रक दिसत नाही. गाडी शक्यतो रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी, मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा व बॅटरीवर चालणारा टॉर्च लावावा. वाहन धोकादायक स्थितीत सोडून जाण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ नुसार मनाई आहे. निदानाचे काम गाडी सुरक्षित झाल्यानंतरच हाती घ्यावे.

प्रतिबंधक देखभाल

* घटांतील पातळी उन्हाळ्यात दर आठवड्याला पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे.
* हंगामापूर्वी बॅटरीची व अर्थिंगची सर्व टर्मिनले काढून स्वच्छ करावीत.
* बॅटरी चौकटीत घट्ट बांधलेली असावी. हादऱ्यांनी पट्टिका व जोड दोन्ही तुटतात.
* जादा दिवे, भोंगे व टेप यांना स्वतंत्र फ्यूज द्यावा. त्यांच्या तारा मुख्य तारेला पिळून जोडू नयेत.
* केबिनमध्ये योग्य क्षमतेचे फ्यूज, टेस्टिंग बल्ब, पाना व टॉर्च कायम ठेवावा.