सोलापुरी चादर, दोन मोर आणि माझा डॅशबोर्ड

गेल्या महिन्यात ऑफिसात एक प्रकार झाला. आमच्या एका डॅशबोर्डला 'इंडियन टच' द्यायचा होता. (शब्द मॅनेजरचा. 'टच' म्हणजे नक्की काय, हे कुणीच विचारलं नाही.) मी सोलापूरचा, त्यामुळे सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडे त्या चादरी असतात ना, त्यातलं काहीतरी टाक!" मलाही जरा चेव आला. रूमवरच्या चादरीचा फोटो काढला, त्यातला मोर कापून घेतला आणि स्क्रीनच्या वरच्या पट्टीत डकवून दिला. लॅपटॉपवर बरा दिसत होता. मोबाईलवर उघडलं तर मोराचा पार चिखल... पिसारा कुठला आणि पाय कुठला, काही कळेना.

त्या शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेस पकडून घरी गेलो. शनिवारी सकाळी वडिलांचे एक दोस्त चहाला आले. आम्ही त्यांना नुसतं काकाच म्हणतो. सोलापूरच्या पूर्व भागातले, पद्मशाली. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि रागावले की दोन्ही. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं चादरीची डिझाइनं ग्राफ पेपरवर काढण्यात घालवली. मी मोठ्या कौतुकाने त्यांना मोबाईलवरचा माझा मोर दाखवला.

काकांनी चष्मा वर केला. "काय बे, हे काय करून ठेवलास? एकच मोर? दुसरा कुठाय?"

मी म्हटलं, "काका, एकच पुरे होता."

"चादरीवर दोन मोर समोरासमोर का असतात, माहिताय काय तुला?"

मी म्हटलं, जोडी असेल. नर-मादी. प्रेम वगैरे.

काका एवढे हसले की चहा बशीत सांडला. "अरे, प्रेम कुठलं! हुक वाचवायला!"

त्यानंतर दोन तास त्यांनी जे सांगितलं, ते चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये मला कुणी सांगितलं नव्हतं.

आधी थोडं मागाबद्दल. कापडात उभे धागे असतात तो ताणा, आणि धोट्यातून आडवा जातो तो बाणा. कुठले उभे धागे वर उचलायचे आणि कुठले खाली ठेवायचे, यावर नक्षी ठरते. साध्या कापडात एकाआड एक उचलले की झालं. पण मोर काढायचा तर प्रत्येक आडव्या धाग्याला वेगळे उभे धागे उचलावे लागतात. हे काम करतं जॅकार्ड. मागाच्या डोक्यावर हा सांगाडा बसवलेला असतो आणि त्यावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. साधारण एका आडव्या धाग्याला एक कार्ड. कार्डात भोक असेल तर सुई आत जाते, तिला जोडलेला हुक वर उचलला जातो आणि हुकाला बांधलेले धागे वर येतात. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, धागे खालीच राहतात. भोक आहे किंवा नाही. एक किंवा शून्य. आलं ना लक्षात?

आता हुक किती असणार, त्याला मर्यादा आहे. चादर असते चांगली रुंद. प्रत्येक धाग्याला स्वतंत्र हुक देणं परवडत नाही. म्हणून एकाच हुकाला अनेक दोऱ्या बांधतात. दोऱ्या ओळीने बांधल्या तर तीच नक्षी शेजारी पुन्हा पुन्हा येते. आणि आरशासारख्या उलट्या बांधल्या तर अर्ध्या हुकांत पूर्ण नक्षी होते. डावीकडे मोर, उजवीकडे त्याचंच प्रतिबिंब. आपण एकदा फंक्शन लिहितो आणि दहा ठिकाणी बोलावतो, तसंच. मी लहानपणापासून ज्या जोडप्यावर झोपत आलो, ते जोडपं नव्हतंच. एकच मोर दोनदा वापरलेला :-)

पुढचा प्रश्न मीच विचारला. चादरीवर मोकळी जागा का नसते? सगळीकडे ठिपके, चौकडे, वेलबुट्टी. पुण्यात डिझाइनवाले मित्र याला 'फार भडक, फार भरलेलं' म्हणून नाक मुरडतात. आम्हाला मिनिमल पाहिजे ना!

काकांनी घरातली चादर आणली आणि उलटी केली. एका बाजूला पांढऱ्यावर लाल मोर, दुसऱ्या बाजूला लालवर पांढरा मोर. ही दुपदरी वीण. एकाच वेळी दोन कापडं विणली जातात, एक वर, एक खाली. नक्षीच्या कडेला दोन्ही कापडं जागा बदलतात, वरचं खाली आणि खालचं वर. आणि दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतात ते या अदलाबदलीच्याच जागी. मध्ये हातभर जागा मोकळी सोडली तर तिथे दोन पदर सुटे राहतील, खिशासारखे. फुगतील, धुताना गोळा होतील, लवकर फाटतील. म्हणून मोकळ्या जागेत ठिपका टाकायचा, बुट्टी टाकायची. ते टाके आहेत. आपण त्याला 'भडक आवड' म्हणत होतो!

मला खरंच शरम वाटली. ज्याला मी सजावट समजत होतो, ते एका अडचणीचं उत्तर होतं. आणि मी उत्तराचा फोटो काढून भलत्याच प्रश्नाखाली डकवला होता.

रात्री झोप येईना, म्हणून या जॅकार्डच्या मागे लागलो. आपल्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना अर्धी गोष्ट माहीत असते. जोसेफ मारी जॅकार्ड, फ्रान्समधलं लियों शहर, साल १८०४. त्याची कार्डं बघून चार्ल्स बॅबेजने आपल्या अॅनालिटिकल इंजिनसाठी तीच पद्धत घेतली. त्याच्या घरी जॅकार्डचं रेशमात विणलेलं चित्र होतं, ते विणायला सुमारे २४,००० कार्डं लागली होती. १८४३ मध्ये एडा लव्हलेसने त्या इंजिनवर टिपणं लिहिली, तेव्हा तुलनेला तिला जॅकार्डचा मागच आठवला. पुढे १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथने भोकं पाडलेली कार्डं मोजणारी यंत्रं वापरली. त्याची कंपनी दुसऱ्या कंपन्यांत मिसळली आणि १९२४ मध्ये तिचं नाव आयबीएम झालं. १९२८ मध्ये आयबीएमने ८० रकान्यांचं कार्ड काढलं. कोडची ओळ ८० अक्षरांपुढे नेऊ नका असं सीनिअर लोक ओरडतात ना, ते त्या पुठ्ठ्याचं भूत!

उरलेली अर्धी गोष्ट मात्र आपल्याकडे कमी सांगतात. जॅकार्डने नक्षीचा माग शोधला नाही. त्याने नक्षीच्या मागावरचा माणूस कमी केला. आधीच्या मागावर एक जण विणायचा आणि दुसरा दोऱ्यांचे जुडगे ओढून धागे उचलायचा. नक्षी यंत्रातच साठवायची ही कल्पना चीनमध्ये फार जुनी. छंतू शहराजवळ लाओक्वानशान इथे २०१२-१३ मध्ये एक थडगं उघडलं, त्यात नक्षीच्या मागांची चार लाकडी मॉडेल्स सापडली. इसवी सनाच्या आधीची, दोन हजारांहून जास्त वर्षं जुनी. आपल्याकडे बनारसमध्ये नक्षबंद कारागीर होते. ते कागदावरची नक्षी दोऱ्यांच्या जाळ्यात 'बांधायचे'. ती बांधलेली नक्षी मागावर चढवायची आणि तिच्यावरून दुसऱ्या मागासाठी नक्कल करता यायची. म्हणजे फाइल होती, कॉपीही होती, फक्त डिस्क दोऱ्याची होती. लियोंमध्ये १७२५ साली बासिल बूशोंने दोऱ्यांच्या जागी भोकांचा कागद आणला आणि तिथून ऐंशी वर्षांनी गाडी जॅकार्डवर पोचली.

सोलापूर या रस्त्यावर फार उशिरा येतं. इथे रेल्वे १८६० मध्ये आली, १८७० च्या दशकात मोरारजी गोकुळदासांची सूतगिरणी उभी राहिली, तीच आपली जुनी मिल. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, त्यांच्याबरोबर हातमाग आले. १९६० च्या दशकात जुनी मिल बंद पडली. पण हातमाग आणि मग यंत्रमाग पूर्व भागात घरोघरी खडखडत राहिले आणि जॅकार्डवरच्या चादरीने गावाचं नाव देशभर नेलं. २००५-०६ मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या मानांकनांपैकी एक.

गंमत बघा, आशियातल्या मागाची कल्पना युरोपात जाऊन कार्ड झाली, कार्डाचा कॉम्प्युटर झाला आणि तो कॉम्प्युटर सोलापूरला येऊन कार्ड पाडणाऱ्या माणसाच्या पोटावर बसला. १९८३ मध्ये बोनास कंपनीने पहिलं इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड दाखवलं, त्यात कार्डंच नाहीत. आपल्याकडे कार्डं बराच काळ टिकली, पण डिझाइन कॉम्प्युटरवर गेलं आणि भोकं मशिनच पाडायला लागलं. काकांचं काम तिथेच संपलं. मी त्या कॉम्प्युटरवरच पोट भरतो. त्यांनी हे मला ऐकवलं नाही, पण मला ऐकू आलं.

असो. सांगायचा मुद्दा असा की 'वारशातून प्रेरणा' म्हणताना आपण बहुतेक वेळा मोर कापून घेतो. कुयरी, कमळ, वारलीचा त्रिकोणी माणूस. मगवर, टीशर्टवर, लग्नपत्रिकेवर, सगळीकडे तेच. त्यात वाईट काही नाही, पण तो डिझाइनचा सगळ्यात स्वस्त भाग आहे. १९५८ मध्ये भारत सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे इम्स यांनी डिझाइनवर अहवाल लिहिला. त्यावरून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या तांब्याचं कौतुक केलंय. पण तांब्याचं चित्र काढा असं नाही म्हणाले. तांब्या घडवताना काय काय विचारात घ्यावं लागेल, त्याची यादी केली. किती पाणी मावावं, डोक्यावर नेताना आणि कमरेवर धरताना तोल कसा राहावा, धार कशी पडावी, घासायला सोपा कसा, असं बरंच. म्हणजे आधी प्रश्न, मग आकार.

आपल्याच क्षेत्रातलं उदाहरण घ्या. १९८३ च्या सुमारास सुझन केअरने मॅकिंटॉशची चिन्हं ग्राफ पेपरवर चौकोन भरून काढली, ३२ बाय ३२. मोझेक आणि भरतकामाची चौकट तिच्या ओळखीची होती. मॅकपेंटची जाहिरात झालं ते केस विंचरणाऱ्या जपानी बाईचं चित्रही हाशिगुची गोयोच्या लाकडी ठशाच्या चित्रावरून केलेलं. ठसा एक ठिपका अर्धा काळा ठेवू देत नाही, पडदाही देत नव्हता. अडचण जुळली, म्हणून जुनं उत्तर नव्या जागी बसलं.

रविवारी काकांच्या घरी गेलो. माळ्यावरून त्यांनी ग्राफ पेपरची गुंडाळी काढली. कडा पिवळ्या, पेन्सिलीच्या खुणा, लाल शाईने भरलेले चौकोन. मोराची मान मी नीट पाहिली. तिला वळण नाहीच, पायऱ्या आहेत. तीन चौकोन वर, एक बाजूला, मग दोन वर, एक बाजूला. लांबून बघितलं की मान झुकते. काका म्हणाले, "एक चौकोन इकडचा तिकडे गेला की मोराची कोंबडी होते." त्यांनी मला एक कोरा कागद दिला आणि २४ बाय २४ मध्ये मोर काढायला लावला. माझ्या चार कोंबड्या झाल्या. पाचव्याला ते म्हणाले, "चालंल."

तो पाचवा मोर आता डॅशबोर्डवर आहे. समोर त्याचंच प्रतिबिंब, कारण चित्राची फाइल एकच ठेवली. दिवसा पांढऱ्यावर लाल, डार्क मोडमध्ये लालवर पांढरा. चादरीला हे कधीपासून येतंय! मोबाईलवर चिखल होत नाही. मॅनेजर म्हणाला, "छान, पण एवढे दिवस का लागले?"

मुख्य गोष्ट राहिलीच. गुंडाळी बघताना मी विचारलं, "काका, यातल्या कुठल्याच कागदावर तुमचं नाव कसं नाही?" ते म्हणाले, "चादरीवर कारखान्याचं लेबल लागतं बे. डिझाइनवाल्याचं कशाला लागतंय?" आमच्याकडे कोडची ओळ न् ओळ कुणी लिहिली, कधी बदलली, सगळी नोंद असते. बग निघाला की ताबडतोब माणूस सापडतो. मानांकनाने चादरीला गावाचं नाव दिलं. पानिपतहून येणाऱ्या स्वस्त नकलांशी भांडायला ते लागतंच. पण मोराची मान कुणाच्या हाताने झुकली, ते कुठेच लिहिलेलं नाही.

कार्डांच्या माळा तर काकांनी केव्हाच रद्दीत घातल्या होत्या, पुठ्ठ्याच्या भावाने. ग्राफही दिवाळीच्या साफसफाईत जायचेच होते. मी ते मागून घेतले. एकूण ६३ कागद निघाले. आता दर शनिवारी दहा-बारा स्कॅन करतो आणि फोनवर काकांना विचारून प्रत्येकाखाली लिहितो... कुणी काढलं, साधारण कधी, किती हुक, किती कार्डं. त्यातले नऊ त्यांचे नाहीत, त्यांच्या उस्तादांचे आहेत. उस्तादांचं पूर्ण नाव काकांना लगेच आठवेना. "थांब, त्यांच्या मुलाला विचारून सांगतो," म्हणाले.

परवा रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. नाव सापडलं होतं.