गिलसाहेबांचे फोटो आणि अब्बांचा फोटो

आमच्या नशिराबादहून भुसावळ जवळच. तिथे मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. १८४४ पासून त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक जळाल्या. त्यांनी काढलेले फोटो मात्र १८६४ मध्येच पुस्तकात छापले गेले होते. ते उरले.

त्या काळी फोटोच्या कागदाला अंड्यातला पांढरा भाग लावत, म्हणून तो चकाके. त्याआधी मिठाचा कागद होता. त्यात चांदी धाग्यांत मुरे आणि फोटो बिनचमकीचा, चित्रासारखा दिसे.

अब्बांचा एकमेव फोटो मला तसाच हवा होता. स्कॅन केला, घरच्या प्रिंटरला जाड सुती मॅट कागद लावला. पहिला उलट्या बाजूने गेला. शाई पसरली, दाढीची राख झाली. लेप एकाच बाजूला असतो, हे मला कुठे ठाऊक! मग बाजू पाहिली, सेटिंगमध्ये मॅट कागद निवडला, सावल्या थोड्या उजळल्या, रात्रभर वाळू दिला. मॅटवर काळा रंग जरा उथळच येतो. येऊ दे.

अम्मीने फोटो खिडकीशी नेला. म्हणाली, “टोपी नवी होती त्या दिवशी.”