वादी कोण?

निपाणीत आमचे एक वयस्क स्नेही आहेत. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी म्हणून उभा जन्म काढला. भेटले की एकदा तरी म्हणणार, "आमची केस सुप्रीम कोर्टात हाय." गेल्या खेपेस मी विचारलं (कारकुनाची खोड, दुसरं काय!), "काका, मग त्यात वादी कोण?" म्हणाले, "कोण म्हंजे? आमीच की."

कागदावर मात्र तसं नाही. मार्च २००४ मध्ये महाराष्ट्र शासनाने घटनेच्या कलम १३१ खाली दावा लावला. वादी महाराष्ट्र राज्य. प्रतिवादी केंद्र सरकार आणि कर्नाटक. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत म्हैसूर राज्याकडे गेलेली बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार धरून ८६५ गावं मागितली आहेत. पण या कलमाखाली पक्षकार होता येतं ते केंद्राला किंवा राज्याला, माणसाला नाही. म्हणजे काकांचं गाव दाव्यात आहे, काका नाहीत. फार तर साक्षीदार होतील.

दुसरा शब्द 'मूळ'. सुप्रीम कोर्ट म्हटलं की आपल्याला अपील आठवतं, खालून हरत-जिंकत वर आलेलं प्रकरण. इथे खालचं कोर्टच नाही. हा 'मूळ दावा' आहे. त्यामुळे तालुक्याच्या दिवाणी कोर्टात बांधाच्या भांडणाला जे लागतं, ते सगळं इथे थेट दिल्लीत: दावा, कैफियत, मुद्दे, पुरावा, युक्तिवाद. (आमच्या म्हादईचं तसं नव्हतं. पाण्याचा तंटा म्हणून तो लवादाकडे गेला, २०१८ मध्ये निवाडाही आला. जमिनीला ती वाट नाही.)

पुरावा नोंदवण्यासाठी २०१४ मध्ये कोर्टाने निवृत्त मुख्य न्यायाधीश मनमोहन सरीन यांना कमिशनर नेमलं. सीमाभागात या शब्दाने जुन्या लोकांच्या कपाळाला आठ्याच पडायच्या, कारण त्यांना आठवतं ते १९६६ चं महाजन कमिशन. त्याने १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला देऊ केली, बेळगाव नाही. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. नाकारता आला, कारण आयोग करतो ती शिफारस. हा नवा कमिशनर तर शिफारसही करायची नाही. जबान्या नोंदवून कोर्टाकडे पाठवायच्या, एवढंच त्याचं काम. आयोग आणि कमिशनर यांत एवढा फरक आहे, हे कुणी समजावून सांगितलं असेल असं वाटत नाही.

गंमत म्हणजे वादी, प्रतिवादी, साक्षी हे शब्द कानडीतही हेच. दाव्याला ते 'दावे' म्हणतात, अर्जाला 'अर्जी'. भाषेवरून भांडण, पण कोर्टाची भाषा सामाईक.

काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "ते ऱ्हाऊ दे. फुडची तारीख कवा हाय?"