तार गुंडाळण्याचे घरगुती यंत्र आणि विद्युत्-गिटारचा इतिहास

विद्युत्-गिटारच्या इतिहासात वादक, कारखानदार आणि पेटंटधारक यांची नावे क्रमाने दिली जातात. परंतु ज्या यंत्रावर या वाद्याचा मर्मभाग घडला, त्याचा उल्लेख केवळ ओघात येतो. हा मर्मभाग म्हणजे ‘पिकअप’ होय. त्यात चुंबकाभोवती तांब्याच्या अतिसूक्ष्म तारेचे हजारो वेढे घातलेले असतात. वाद्याची पोलादी तार छेडली असता चुंबकीय क्षेत्र बदलते व वेटोळ्यात त्या कंपनांबरहुकूम विद्युत्-दाब निर्माण होतो. हे वेढे घालणारे यंत्र प्रारंभी घरगुती होते आणि पुढे कारखान्यातही यंत्राचे व हाताचे गुणदोष वाद्याच्या स्वरात उतरत राहिले, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

१९३१ साली लॉस एंजेलिस येथे जॉर्ज बीचम या गिटारवादकाने पॉल बार्थ याच्या साहाय्याने नालाकृती चुंबकांचा पिकअप सिद्ध केला. त्याचे वेटोळे कपडे धुण्याच्या यंत्राची मोटार वापरून गुंडाळले होते, असे सांगितले जाते. ॲडॉल्फ रिकेनबॅकर याच्या सहकार्याने हे वाद्य १९३२ मध्ये बाजारात आले. पेटंटसाठी १९३४ साली केलेला अर्ज १९३७ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला. तोपर्यंत इतर कारखानेही तशी वाद्ये विकू लागले होते. पेटंट रचनेला संरक्षण देते. ती रचना कोणत्या यंत्रावर घडली याची नोंद ठेवणे हे त्याचे काम नव्हे. त्यामुळे धुलाईयंत्राची मोटार केवळ स्मृतीच्या आधारे इतिहासात उरली.

अशा यंत्राची घडण साधी असते. पंख्यांच्या व पंपांच्या मोटारींचे ‘वाइंडिंग’ करणाऱ्या आपल्याकडील कारागिराला ती चटकन ओळखता येईल. शिवणयंत्राची मोटार किंवा हाताने फिरवावयाचे ड्रिल, त्याच्या दांड्यावर बसविलेले बॉबिन, तारेचे रीळ आणि फेरे मोजण्याचे साधन, एवढे पुरेसे होते. अवघड असते ते तारेचे नियंत्रण. ४२ क्रमांकाच्या तारेचा व्यास सुमारे ०.०६३ मिलिमीटर असतो. ताण किंचित वाढला तर ती तुटते. सैल सोडली तर वेटोळे फुगते आणि पुढे शीळ घालू लागते. फेंडर पद्धतीच्या एका पिकअपमध्ये अशा तारेचे सुमारे ८,००० वेढे, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर तार, बसते. वेढे वाढविले तर आवाज बलवान होतो, पण तीव्र स्वरांची धार कमी होते. वेढे विस्कळीत पडले तर वेटोळ्याची विद्युत्-धारिता किंचित घटते व स्वर उजळतो.

कारखान्यात यंत्रे मोठी झाली, तरी ही अनिश्चितता गेली नाही. फेंडरच्या कारखान्यात बॉबिन यंत्र फिरवीत असे, पण तार हातानेच पुढेमागे नेली जाई. हे काम करणाऱ्यांत स्त्रिया होत्या. १९५६ मध्ये तेथे रुजू झालेल्या अबिगेल इबारा २०१३ साली निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या हातच्या पिकअपना स्वतंत्र मागणी होती. गिब्सन कारखान्यात सेथ लव्हर याने दोन वेटोळ्यांचा, गुणगुण दबविणारा पिकअप निर्माण केला. त्याचा अर्ज १९५५ चा, पेटंट १९५९ चे. तेथील यंत्रांना आपोआप थांबण्याची सोय नव्हती. बॉबिन भरलेले दिसले की कामगार यंत्र थांबवी. साहजिकच एका पिकअपचे वेढे दुसऱ्याशी जुळत नसत. पुढच्या पिढीने याच विषमतेत त्या वाद्यांचे वैशिष्ट्य शोधले.

या शोधाने यंत्र पुन्हा घरी आणले. पिकअपच्या क्षेत्रात पुढे नावाजलेल्या सीमोर डंकन याने कुमारवयात आपला बिघडलेला पिकअप तबकडीवादकाच्या फिरत्या बैठकीवर गुंडाळला, असे सांगितले जाते. मिनिटास ३३⅓ फेरे या वेगाने ८,००० वेढ्यांना चार तास लागतात. या हिशेबावरून त्या उद्योगाची चिकाटी ध्यानात यावी. पुढील काळात हौशी कारागिरांनी दांड्यावर लहान चुंबक बसवून त्याच्या साहाय्याने खिशातील गणकयंत्राची बरोबरीची कळ दर फेऱ्यास ‘दाबली’ जाईल अशी योजना केली. गिब्सनच्या कामगाराने नजरेने घेतलेला अंदाज आता आकड्यांत नोंदला जाऊ लागला.

संशोधकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, जुना पिकअप हाही एक दस्तऐवज आहे. त्याचा विद्युत्-रोध मोजता येतो. निकामी झालेले वेटोळे उलगडून वेढे मोजता येतात, आणि त्यांवरून यंत्राची व हाताची सवय उमगते. पेटंटच्या कागदावर ज्यांची नावे नाहीत, त्या कामगार स्त्रियांचे कर्तृत्व या तांब्याच्या तारेत नोंदलेले आहे. मात्र ही तार बदलली की ती नोंद कायमची पुसली जाते. म्हणून जुने पिकअप दुरुस्तीस घेणाऱ्याने तार काढण्यापूर्वी रोध, वेढ्यांची संख्या आणि गुंडाळण्याची दिशा टिपून ठेवावी. वाद्यांच्या इतिहासाला तेवढाही आधार मोलाचा ठरेल.