मोटारीची जिल्हई

मोटार नवी दिसावी, तिच्या अंगात पाहणाऱ्याला आपले तोंड दिसावे, ही हौस मोटारीइतकीच जुनी आहे. ही चकाकी काहीतरी वरून चोपडल्याने येते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तो अर्धाच खरा होय. मेण लावल्याने काही दिवस तकाकी येते. तथापि ओरखडे आणि धुरकटपणा घालवून जी खरी जिल्हई येते, ती रंगाचा वरचा झिरझिरीत पापुद्रा घासून काढून टाकल्यानेच येते. खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश वाटेल तसा विखुरतो, सपाट पृष्ठभागावरून तो शिस्तीने परततो. एवढेच त्यातील रहस्य. म्हणजे प्रत्येक जिल्हई हा मुद्दलातून केलेला खर्च आहे. हे मुद्दल कोणत्या काळी कसे होते आणि ते खर्च करणारी साधने कशी बदलत गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे जिल्हईचे विजेचे यंत्र कसे चालवावे, याचा बराचसा बोध आपोआप होतो.

पहिल्या मोटारी म्हणजे घोडा सोडलेल्या बग्ग्याच होत्या, आणि त्यांना रंगही बग्गीच्या रीतीनेच देत. तेलात खललेला रंग व त्यावर रोगण असे हातांवर हात चढवीत. प्रत्येक हात वाळला म्हणजे तो झांव्याच्या दगडाच्या भुकटीने पाणी घालून घासून सपाट करीत. या सोपस्काराला कित्येक आठवडे लागत. घासणारा हात मनुष्याचा असल्यामुळे तो लवकर थकत असे, आणि तो थकवाच रंगाचा राखणदार होता. पुढे १९१३ साली हेन्री फोर्ड यांनी हायलंड पार्क येथील कारखान्यात सरकत्या साखळीवर मोटारी जुळविण्यास आरंभ केला. मोटार तासांत तयार होऊ लागली. मग रंगासाठी आठवडे थांबणे कोणाला परवडणार? १९१४ पासून १९२५ पर्यंत फोर्डची प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडी केवळ काळ्या रंगात मिळत असे.

ही अडचण एका चमत्कारिक वाटेने सुटली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने बंदुकीची दारू अपरंपार बनविली होती. तिचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. १९१८ साली युद्ध थांबले आणि हा पदार्थ करण्याची प्रचंड साधने रिकामी पडली. त्याच द्रव्यापासून कंपनीने ‘ड्यूको’ नावाचा झटपट वाळणारा रंग सिद्ध केला. जनरल मोटर्स कंपनीच्या संशोधनशाळेचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी त्याचा पाठपुरावा केला, आणि १९२३ साली त्या कंपनीच्या ओकलंड मोटारी या निळ्या रंगात बाजारात आल्या. रंग फवाऱ्याने मारावा आणि तो थोडक्या वेळात वाळावा, अशी सोय झाली.

परंतु या रंगात एक उणीव होती. तो वाळल्यावर निस्तेज दिसे. घासल्यावाचून त्यावर तेज चढत नसे. त्यामुळे जिल्हई हा कारखान्यातील रोजचा उद्योग होऊन बसला, आणि येथे यंत्राला वाव मिळाला. विजेवर चालणारे हातातले भोके पाडण्याचे यंत्र श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ सालीच केले होते. तशा फिरत्या दांड्याला लोकरीची गादी बसविली की जिल्हईयंत्र तयार. दिवसाचे काम घटकेत होऊ लागले. मात्र थकणारा हात मधून निघून गेला.

तरीही त्या काळच्या कारागिरापाशी एक इमानी साक्षीदार उरला होता. मोटारीवरचा रंग एकजिनसी असल्यामुळे घासताना गादीलाच रंग लागे. निळी मोटार घासली की गादी निळी होई, आणि किती रंग निघत आहे हे डोळ्यांना दिसे. गादीवर खालच्या अस्तराचा रंग उमटू लागला की कारागीर चपापून थांबत असे.

१९८० नंतरच्या दशकात रंगाचा खालचा थर आणि त्यावर निर्मळ पारदर्शक थर, ही दुहेरी पद्धत सर्वत्र रूढ होत गेली. रंगात अॅल्युमिनियमचा चुरा घालून आणलेली चमक वरून घासल्यास बिघडते; तिला हे पारदर्शक कवच उपकारक ठरले. परंतु त्यामुळे साक्षीदार मुका झाला. पारदर्शक थर घासला असता गादीवर रंग येतच नाही. आणि जेव्हा येतो, तेव्हा कवच भेदले गेलेले असते. मग कोणत्याही जिल्हईने ते भरून येत नाही. तो पत्राच पुन्हा रंगवावा लागतो. आजच्या मोटारीवरील सर्व थर मिळून जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन असते, आणि त्यात पारदर्शक थर ४०–५० मायक्रॉनांचा. मनुष्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. यावरून मुद्दल किती अल्प आहे, हे दिसेल.

दुसरा शत्रू उष्णतेचा. सात इंच व्यासाची गादी मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर तिची कड ताशी सुमारे ६७ किलोमीटर वेगाने रंगावरून धावते. ती क्षणभर एका जागी रेंगाळली, तरी घर्षणाने रंग मऊ पडून करपतो. या आपत्तीवर तोड म्हणून दुहेरी गतीची यंत्रे आली. त्यांत गादी आपल्याभोवती फिरते आणि त्याच वेळी मध्यापासून सरकून लहान वर्तुळातही हिंडते. तिच्यावर फाजील दाब पडला की तिचे फिरणे मंदावते अथवा थांबते. जणू थकणारा हात यंत्राने परत आणला. नवशिक्याने हेच यंत्र हाती धरावे, ते यासाठी.

एवढे समजल्यावर नियम पाठ करावे लागत नाहीत. मोटार आधी स्वच्छ धुवावी, कारण राहिलेला वाळूचा कण गादीखाली सापडला की नवे ओरखडे पाडतो. काम सावलीत, पत्रा थंड असताना करावे. जाडी मोजण्याचे उपकरण मिळाल्यास आधी मोजून घ्यावे; मात्र लोखंडावर चालणारे उपकरण प्लास्टिकच्या बंपरावर निरुपयोगी, आणि प्लास्टिक उष्णताही लवकर वाहून नेत नाही, म्हणून तेथे विशेष जपावे. कडा आणि उंचवटे यांवर रंग पातळ असतो व गादीचा सारा भार तेथेच पडतो. त्यांवर कागदी चिकटपट्टी लावावी. ही पट्टीही मोटारीच्याच रंगकामातून जन्मली आहे. दुरंगी मोटारी रंगविणाऱ्यांची अडचण पाहून थ्री-एम कंपनीतील रिचर्ड ड्र्यू यांनी ती १९२५ साली तयार केली.

गादी आधी रंगावर टेकवावी आणि मग कळ दाबावी, थांबविल्यावरच उचलावी. गादी सपाट ठेवून यंत्र संथपणे सरकत ठेवावे, आणि मधूनमधून हाताने पत्र्याची ऊब पाहावी. विजेची तार खांद्यावरून पाठीमागे सोडावी, डोळ्यांना चष्मा असावा, आणि उपरण्यासारखे लोंबते वस्त्र अंगावर नसावे. प्रथम सर्वांत मऊ गादी आणि सर्वांत सौम्य लेप एका वीतभर जागेवर वापरून पाहावा. तेवढ्याने भागले तर अधिक तीव्र उपाय करू नये. नख अडकेल इतका खोल ओरखडा संपूर्ण घालविण्याचा हट्ट तर धरूच नये. तो घालविण्यासाठी त्याच्या तळापर्यंतचा सारा थर काढावा लागतो. तो थोडा बोथट करून तसाच राहू द्यावा.

शंभर वर्षांपूर्वी रंगाला वेळ फार लागे, म्हणून माणसाने वेळ वाचविण्याच्या युक्त्या काढल्या. त्या साधल्या, आता जपावयाचा आहे तो रंग. धूळ आणि ऊन त्याला रोज झिजवितातच. मालकाने निदान त्यांच्या बाजूने हात घालू नये. पुष्कळ वर्षांनीही जी मोटार नवी दिसते, तिचा मालक बहुधा कमी घासणारा आणि नीट धुणारा असतो.