बाटली पाम

बाटली पाम (शास्त्रीय नाव: हायोफोर्बे लॅजेनिकॉलिस, कुल: ॲरेकेसी) हा शोभेसाठी लावला जाणारा, सावकाश वाढणारा ताडवर्गीय वृक्ष आहे. 'बॉटल पाम' या नावानेही तो ओळखला जातो. हिंदी महासागरातील मॉरिशसच्या उत्तरेस असलेले राउंड आयलंड हे ज्वालामुखीजन्य बेट त्याचे मूलस्थान होय.

वर्णन

हा वृक्ष साधारणतः ३ ते ४ मी. उंच वाढतो. खोड एकच, राखाडी व गुळगुळीत असून त्यावर गळलेल्या पानांचे वलयाकार वण दिसतात. ते तळाशी फुगीर व वर एकदम निमुळते असल्याने बाटलीसारखे भासते. त्यावर पर्णतलांच्या आवेष्टनाने बनलेला हिरवा, गुळगुळीत दांडा असतो. शेंड्यावर एका वेळी बहुधा ४ ते ६ पिसासारखी संयुक्त पाने असतात. कोवळ्या रोपांच्या पानांवर तांबूस छटा असते. फुलोरा पानांच्या झुबक्याखाली येतो. फुले लहान, पांढरट व एकलिंगी असून नर व मादी फुले एकाच झाडावर येतात. फळात एकच बी असते.

याच प्रजातीतील स्पिंडल पाम (हायोफोर्बे व्हर्शाफेल्टी) रॉड्रिग्ज बेटावरील आहे. त्याचे खोड तळाऐवजी मध्यभागी फुगीर असल्याने दोन्ही जाती सहज वेगळ्या ओळखता येतात.

लागवड

उष्ण हवामान, भरपूर ऊन आणि पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन या वृक्षास मानवते. कडाक्याची थंडी व धुके-दव गोठविणारे तापमान त्यास सोसत नाही. खोडास फुटवे येत नसल्याने अभिवृद्धी केवळ बियांपासून होते. बी रुजण्यास अनेक महिने लागू शकतात. जमिनीत पालाशाची कमतरता असल्यास जुनी पाने पिवळी पडून करपतात. वाढ मंद असल्याने हा वृक्ष कुंडीतही अनेक वर्षे ठेवता येतो. वाळलेली पाने आपोआप गळतात. शेंड्यावरील एकमेव अंकुरास इजा झाल्यास मात्र संपूर्ण झाड मरते.

संवर्धन

माणसाने राउंड आयलंडवर सोडलेल्या शेळ्या व सशांनी तेथील रोपे खाऊन टाकली आणि जमिनीची धूप वाढली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे मोजकीच प्रौढ झाडे उरली. १९७९ मध्ये शेळ्यांचे व १९८६ मध्ये सशांचे निर्मूलन झाल्यानंतर नैसर्गिक पुनरुत्पादनास वाव मिळाला. उष्ण प्रदेशांतील उद्यानांत विपुल आढळणारी ही जाती नैसर्गिक अधिवासात मात्र अतिसंकटग्रस्त मानली जाते. उद्यानांत ती स्पिंडल पामशी संकरित होऊ शकते. म्हणून तेथील बी मूळ बेटावरील पुनर्लागवडीस सरसकट वापरता येत नाही.